फोन बाजूला ठेवून ऐका

२०१९ च्या मे महिन्यात टायलर, द क्रिएटर नावाच्या अमेरिकन कलाकारानं ‘इगॉर’ हा अल्बम काढला आणि सोबत ऐकणाऱ्यांसाठी एक फर्मानही काढलं. रॅप ऐकायला मिळेल या अपेक्षेनं येऊ नका. खरं तर कसलीच अपेक्षा ठेवून येऊ नका. पहिल्यांदा ऐकताना सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग ऐका, एकही गाणं गाळू नका, फोन बघू नका, टीव्ही लावू नका, कुणाशी गप्पा मारू नका.

मला हे फर्मान मनापासून पटलं. अडचण एवढीच, की ते काढणारा कॅलिफोर्नियातला आणि मी नाशिकचा, इंदिरानगरातला. घरात आई, बाबा, बायको आणि शाळकरी मुलगी. अल्बम चाळीस मिनिटांचा. आमच्याकडे चाळीस मिनिटं कुणाशी न बोलता बसलेला माणूस एक तर तापानं फणफणलेला असतो, नाहीतर रुसलेला. आई आधी कपाळाला हात लावून बघते. ताप नाही म्हटल्यावर आत जाऊन दबक्या आवाजात बायकोला विचारते, “काय गं, काही बोललीस का त्याला?”

‘इगॉर’ची सुरुवात सिंथेसायझरच्या एका लांबच लांब सुरानं होते. सूर नुसता घोंगावत राहतो आणि आता काहीतरी होणार म्हणून आपण अंग आखडून बसतो. मी स्पीकरवर लावलं होतं. बाबांनी पेपर बाजूला ठेवला, चपला घातल्या आणि खाली जाऊन सोसायटीच्या पाण्याची मोटर बंद करून आले. एव्हाना सूर मागे पडून ड्रम सुरू झाले होते. “बघ, थांबली,” असं म्हणून त्यांनी पुन्हा पेपर उघडला. दुर्दैवानं खालची मोटर खरोखरच चालू होती. वरची टाकी अर्धीच भरली आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर जाब विचारला. तिथे टायलरचं नाव घ्यायची माझी छाती झाली नाही.

तेव्हापासून हेडफोन. हेडफोन घातलेल्या माणसाशी बोलू नये असा जगात संकेत आहे. आमच्याकडे त्याच्याशी जरा मोठ्यानं बोलावं असा आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असं बायको विचारते. तिला ऐकायचं नसतं, नुसतं विचारायचं असतं. म्हणून इथे सांगतो. या माणसाच्या गाण्याचा काही भरवसा नाही. खर्जातल्या घोगऱ्या आवाजात शिव्या हासडणारा हा गडी पुढच्या मिनिटाला आवाजाची पट्टी यंत्रानं वर चढवून ‘सोडून जाऊ नकोस, चूक माझीच’ म्हणून गयावया करायला लागतो. मध्येच जुना सोल, मध्येच जॅझचे कॉर्ड, मध्येच ड्रमचा असा फाटका आवाज, की आपण हेडफोनची वायर हलवून बघावी. ‘इगॉर’मध्ये एका वळणावर जपानच्या तात्सुरो यामाशिताची चाल भेटते, तर नंतरच्या ‘क्रोमाकोपिया’ अल्बममधल्या ‘नॉइड’ गाण्यात झांबियातला सत्तरच्या दशकातला रॉक, तिथल्या भाषेतल्या शब्दांसकट. पियानो तो पोरवयात आपला आपणच शिकला, त्यामुळे अमुक कॉर्डनंतर तमुक येऊ नये हे त्याला कुणी बजावलेलंच नसावं. शिवाय २०२१ पर्यंत त्याचा एक नेम होता: अल्बममधलं दहावं गाणं म्हणजे एकात दोन, एकदा तर तीन. संपलं म्हणून हेडफोन काढावा तर आतून दुसरंच गाणं सुरू. हे कळल्यापासून दहावं आलं की मी सावरून बसतो, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी खांदा हलवून विचारतं, “कुकरच्या शिट्ट्या मोजल्यास का?”

(या सगळ्या मिश्रणाला मी मिसळीची उपमा देणार नाही. नाशकात कुठल्याही दोन गोष्टी एकत्र आल्या की लिहिणारा थेट तर्रीत उतरतो. आता पुरे.)

पिंपळगाव बसवंतचे काका एकदा म्हणाले, “पण हे मोडतं कशात? शास्त्रीय, सुगम, का डीजे?” प्रश्न हसण्यासारखा नाही, अमेरिकेतही तो पडलेलाच आहे. २०२० मध्ये ‘इगॉर’ला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ते हातात घेऊन झाल्यावर यानं पत्रकारांपुढे कुरकुर केली, की आमच्यासारखे दिसणारे, म्हणजे कृष्णवर्णीय, लोक चौकटीबाहेरचं काही करतात तरी त्यांना रॅप नाहीतर ‘अर्बन’च्याच खणात टाकतात. मुद्दा रास्तच होता. पण मला जास्त आवडलं ते बक्षीस घेऊन रुसणं. आमच्या घराण्यात मानपानावरून असे रुसवे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

व्हिडिओंची कथा वेगळी. २०११ साली, एकोणीस वर्षांचा असताना, त्यानं एक कृष्णधवल व्हिडिओ काढला. त्यात हा एकटा बसलेला, हातावर झुरळ फिरतंय, आणि बोलता बोलता तो ते खातो आणि ओकतो. त्याच वर्षी एमटीव्हीनं त्याला सर्वोत्कृष्ट नवोदित ठरवलं. माझ्या भाच्याच्या मोबाइलवर आईनं हा प्रकार पाहिला आणि म्हणाली, “घरी कुणी जेवायला घालत नाही का रे त्याला?” भाचा टायलरला झुरळापासून ओळखतो, मी विगपासून, त्यामुळे आमच्यात ज्येष्ठ तोच. “मामा, तू ‘इगॉर’नंतरचा,” असं तो म्हणतो. दाराबाहेर उभा असलेल्या भाविकाशी पुजारी बोलतो तो सूर.

विगचं सांगायचं तर, ‘इगॉर’च्या व्हिडिओंत तो सोनेरी बॉबकट केसांचा टोप, काळा चष्मा आणि फिक्या रंगाचा सूट घालून येतो. जुन्या काळच्या टीव्ही कार्यक्रमाचा थाट, छान छान हसणारी निवेदिका, गोड चाल. आणि गाणं चालू असतानाच स्टेज पेटतं. मी हे पाहिलं आणि ताबडतोब पुन्हा पाहिलं. मागे उभे असलेले बाबा म्हणाले, “पुरुष आहे ना तो?”

“हो.”

“मग हे केस?”

मी सांगितलं, की गाणी हाच लिहितो, संगीत हाच करतो, व्हिडिओचं दिग्दर्शनही वुल्फ हेली हे टोपणनाव घेऊन हाच करतो, आणि पात्रंही स्वतःच रंगवतो. बाबांचा चेहरा बदलला. “म्हणजे फाळक्यांसारखं,” ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. नाशिककरापुढे फाळक्यांचा विषय निघाला की पुढचा अर्धा तास गेलाच. १८७० साली आपल्या त्र्यंबकला जन्म. १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, रंगभूषासुद्धा. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवून उभं केलं. पुढे ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. “आणि लोक सीतेला हात जोडायचे,” बाबा म्हणाले, “केस कुणाचे, विचारत नव्हते.” हा टोला मला होता की स्वतःलाच, कळलं नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात विग पास झाला.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. आयुष्य नोटा छापण्याच्या जागी गेल्यानं ते कुठलंही चित्र नाकाजवळ नेऊन, कडेला रंग फुटलाय का ते आधी पाहतात. टायलरच्या व्हिडिओतला पिस्त्याचा हिरवा, फिका गुलाबी, बदामी हे त्यांनी एकेक थांबवून तपासले आणि “काम स्वच्छ आहे” असा शेरा दिला. आईला टोपी पसंत पडली. केसाळ, कान झाकणारी टोपी घालून हा ऐन कॅलिफोर्नियात हिंडतो. निफाडचा पारा उतरला की माकडटोप्या वाटत फिरणाऱ्या माझ्या आईला झुरळ खाणाऱ्यात पहिल्यांदाच काहीतरी संस्कार दिसले.

‘क्रोमाकोपिया’ आला तो २८ ऑक्टोबर २०२४ ला, सोमवारी. जगात अल्बम शुक्रवारी निघतात. याचं म्हणणं असं, की शनिवार-रविवार लोक झोपतात नाहीतर हुंदडतात. सोमवारी कामाला जाता-येता तासभर मन लावून ऐकतील. तासभर! नाशकात कामाला जायला तास लागला तर माणूस ओझरच्या पुढे निघून जाईल. आमच्या कंपनीची बस सातपूरला पोचते तेव्हा अल्बम जेमतेम अर्ध्यावर आलेला असतो. तरी बरं, इंदिरानगरच्या बोगद्यापाशी रोज दोन-तीन गाण्यांची सोय होते. पण तिथे शेजारी स्टोअरमधले आमचे एक साहेब असतात. “काय ऐकताय, एक इकडे द्या की,” म्हणून त्यांनी माझ्या उजव्या कानातला इअरबड उचलून स्वतःच्या कानात घातला. चार ओळी ऐकल्या. मग तो रुमालानं पुसून, दोन बोटांत धरून मला परत केला. पुसायचा होता मी, पुसला त्यांनी.

शिवाय तो सोमवार म्हणजे आपली वसुबारस. न्यूयॉर्कच्या सकाळी सहाला निघालेला अल्बम आपल्याकडे दुपारी साडेतीनला पोचला. कामावरून येऊन मी हेडफोन चढवला, तेव्हा घरात चकल्यांचा घाणा निघत होता आणि मला सोऱ्यावर बसवण्यात आलं होतं. या अल्बमची गंमत अशी, की गाण्यांच्या अधूनमधून टायलरची आई, बोनिटा स्मिथ, बोलते. समजावते, दटावते, शिवी घालून धीर देते. सुरुवातीलाच ती लेकाला बजावते, की उजेड तुझ्या आत आहे, तो कुणाहीसाठी मंद करू नकोस. अंगावर काटा आला. तेवढ्यात माझ्या आईनं हेडफोनचा एक कान उचलला. “आकाशकंदील आत्तापासून कशाला लावून ठेवलाय? बंद कर आधी. बिल बघितलंस का गेल्या महिन्याचं?”

त्याला बिचाऱ्याला आईचं बोलणं मुद्दाम रेकॉर्ड करून गाण्यात घालावं लागतं. आमच्याकडे ते कुठल्याही अल्बमवर, कुठल्याही गाण्यात, आपोआप येतं. आणि खोटं कशाला बोलू, दोन्ही आया एकदम बोलत असताना तो अल्बम जितका कळला तितका नंतर शांतपणे ऐकूनही कळला नाही.

शेवटाकडे एक गाणं आहे, त्याच्या कधीच घरात नसलेल्या बापावर. मी वडिलांसारखा दिसतो का, असं तो विचारत राहतो. आणि गाणं संपता संपता आई कबूल करते, की तो नव्हता यात दोष माझा होता, त्याला तुझा बाप व्हायचं होतं. माझा हात सोऱ्यावर थांबला. आईनं विचारलं, “काय झालं?” मी सांगितलं. ती झारा हातात धरून जरा वेळ उभी राहिली.

“हे घरात सांगता येत नव्हतं? गाण्यातच सांगायचं?”

“हो ना.”

“बरं केलं पण, सांगितलं,” ती म्हणाली. “एवढं पोटात ठेवून कशी राहिली असेल बाई.” मग, “सरक, तेल तापलंय.”

‘नॉइड’चं थोडक्यात सांगतो. लोक सतत आपल्यावर पाळत ठेवून आहेत या धास्तीवरचं गाणं आहे ते. व्हिडिओत एक चाहती फोन रोखत येते आणि त्याला तो फोन पिस्तुलासारखा दिसतो. लाखो लोक ओळखायला लागल्यावर त्याला ही धास्ती बसली. आमच्या सोसायटीत बिनओळखीच्या माणसालाही ती सुविधा आहे. मी रात्री किती वाजता आलो हे वॉचमनला माहीत असतं, पिशवीत काय होतं हे तळमजल्याला, आणि का आणलं हे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना.

पाडव्याला काका आले, द्राक्षाची छाटणी उरकून. बाबांनी हौसेनं टीव्हीवर ‘क्रोमाकोपिया’चा पहिला व्हिडिओ लावायला सांगितला. रंग उडालेलं, मातकट जग. मुखवटा घातलेला टायलर पुढे, मागे गणवेशातल्या माणसांची रांग. तो त्यांना एका मालवाहू कंटेनरमध्ये घालतो, दार लावतो आणि कंटेनर उडवून देतो. त्या स्फोटातून पडद्यावर रंग येतो. मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

“वीस फुटी का चाळीस?” काकांनी विचारलं.

मी कंपनीत डिस्पॅच बघतो, त्यामुळे हा प्रश्न मलाही पडून गेला होता. “चाळीस असावा. एवढी माणसं गेली म्हणजे.”

“रीफर?”

“नाही, थंडाव्याचा नाही, साधाच दिसतोय.”

“मग ठीक,” काका मागे टेकले. “रीफर उडवला असता तर बघवलं नसतं मला. मार्चमध्ये एका रीफरसाठी त्या लोकांच्या किती मिनतवाऱ्या करतो आम्ही.”

बाबा चष्मा पुसत होते. “रंग स्फोटाच्या आधी आला का नंतर? परत लाव जरा.”

“लाव,” काका म्हणाले, “पण फुटायच्या आधी पॉज कर. नंबर दिसतोय का बघू दे.”