'चार महिने मुद्दाम लटकवलं' या अभिप्रायाला क्लिनिकतर्फे उत्तर

नमस्कार सर,

काकांच्या इम्प्लांटबद्दलचा (म्हणजे दाढेच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम धातूचं कृत्रिम मूळ, ज्यावर नंतर दात चढवतात) आपला एक स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. त्या शनिवारी काकांना दीड तास बाकावर बसून राहावं लागलं, हे खरं आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला इतकं ताटकळावं लागलं याबद्दल मनापासून माफी मागतो. आधीच्या पेशंटचं काम लांबलं होतं, पण निदान फोन करून कळवायला हवं होतं. अपॉइंटमेंटच्या वेळांचं आम्ही बघतो आहोत.

बाकीचं मात्र तसंच सोडून देववत नाही. आपण लिहिलंय, "हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तसला स्क्रू बसवला, पैसे काढायला चार महिने मुद्दाम लटकवलं, दुसरीकडे तीन दिवसांत दात देतात." आमच्याकडे येणारी निम्मी माणसं आधी हे अभिप्राय वाचतात आणि मग फोन करतात. महाग म्हणालात तर ते आपलं मत, त्याला माझी ना नाही. पण 'मुद्दाम' हा शब्द फार लागला. एकूण खर्च पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिला होता. मधल्या तपासण्या आणि एक्स-रे त्यातच होते. चार महिने थांबून क्लिनिकला एक रुपयाही जास्त मिळालेला नाही.

मग थांबलो कशासाठी? हाडासाठी. टायटॅनियम वापरण्याचं मुख्य कारणच हे आहे की हाड त्याला थेट चिकटतं. स्टीलसारखा धातू जबड्यात बसवला तर शरीर बहुधा त्याच्याभोवती मऊ तंतूंचं आवरण तयार करतं, आणि चावण्याचा भार येत राहिला की तो सैल होतो. टायटॅनियमच्या बाबतीत हाडाच्या पेशी थेट त्याच्या पृष्ठभागावर नवं हाड घालतात. हे स्वीडनमध्ये लक्षात आलं. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक १९५२च्या सुमारास लुंड इथे सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची छोटी खिडकीसारखी नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना, हाडाने ती धरून ठेवली होती. १९६५ साली गोथेनबर्गमध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. ते त्या माणसाला चाळीस वर्षांहून जास्त, मरेपर्यंत पुरले. त्या काळी खालच्या जबड्यासाठी तीन महिने आणि वरच्यासाठी सहा महिने थांबायचा नेम होता. आता पृष्ठभाग सुधारलेत, त्यामुळे काळ कमी झालाय. पण वरची मागची दाढ आहे असं आपणच लिहिलंय. तिथलं हाड जबड्यात सगळ्यात मऊ असतं. तिथे मी घाई करत नाही, आणि करणारही नाही.

आपण तिसऱ्या आठवड्यात आला होतात तेव्हा म्हणालात, "हलत तर नाहीये, मग दात बसवा की." मी नाही म्हटल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीला चार लोकांसमोर जे बोललात ते इथे लिहीत नाही. ती घरी रडत गेली. पण त्या दिवशी जे नीट सांगायचं राहून गेलं, ते आता सांगतो. इम्प्लांट बसवतो त्या दिवशी तो घट्ट असतो, कारण त्याचे आटे जुन्या हाडात रुतलेले असतात. पुढच्या काही आठवड्यांत शरीर ते दबलेलं जुनं हाड काढून टाकतं आणि त्या जागी नवं घालू लागतं. जुनी पकड कमी झालेली असते, नवी अजून पुरती आलेली नसते. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास तो सगळ्यात कच्चा असतो. बाहेरून अजिबात कळत नाही. नेमकं तेव्हा वर दात चढवून काकांना भाकरी चावायला लावली असती, तर आत त्याची सूक्ष्म हालचाल सुरू झाली असती आणि हाडाऐवजी तंतू वाढले असते. मग इम्प्लांट काढून पुन्हा पहिल्यापासून सगळं. तेव्हा आपण काय लिहिलं असतं?

तीन दिवसांत दात देणारे सगळे फसवतात असं मी म्हणत नाही. हाड कडक असेल, पहिली पकड भक्कम मिळाली असेल, तर काही ठिकाणी लगेच दात देता येतो. आम्हीही देतो. काकांच्या बाबतीत तसं नव्हतं.

आता त्या हार्डवेअरच्या स्क्रूबद्दल. आटे आहेत म्हणून एक्स-रेमध्ये तो स्क्रूच दिसतो, मान्य. पण तो सीलबंद निर्जंतुक बाटलीत येतो, आणि बाटली उघडल्यापासून हाडात जाईपर्यंत त्याला कुणाचंही बोट लागत नाही, हातमोजा घातलेलंसुद्धा. तो चकचकीत नसतो, मळकट करडा दिसतो. कारण त्याच्यावर बारीक कणांचा मारा करून आणि आम्लात बुडवून पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केलेला असतो, हाडाच्या पेशींना धरायला जागा मिळावी म्हणून. हाडात टेकवलं की त्या खडबडीवर रक्त आपोआप वर चढत जातं. दर वेळी ते पाहून मला समाधान वाटतं, इतकी वर्षं झाली तरी. भोक पाडताना सलाईनचं पाणी सतत सोडावं लागतं, कारण हाड मिनिटभर ४७ अंशांच्या वर तापलं तरी तिथल्या पेशी मरू शकतात.

गंजण्याची भीतीही आपण लिहिली आहे. टायटॅनियमला हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा थर बनतो, काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण दहा हजारावा भाग. तो थरच त्याचं लाळेपासून आणि रक्तापासून रक्षण करतो. ओरखडा गेला तर तो थर पुन्हा आपोआप धरतो. लोखंडासारखा गंज त्याला चढत नाही. चुंबकाला तो ओढला जात नाही, त्यामुळे काकांना पुढे कधी एमआरआय करावा लागला तर करता येईल. फक्त तिथल्या माणसाला आधी सांगा, कारण जबड्याजवळची प्रतिमा थोडी बिघडू शकते.

"वर पांढरं सिरॅमिक बसवलं, मग आत धातू कशाला?" हा आपला प्रश्न चांगला आहे. वरची कॅप झिरकोनियाची आहे. झिरकोनियाचे इम्प्लांटही मिळतात. पण ते फार ताठ असतात आणि वाकण्याऐवजी तुटतात. शुद्ध टायटॅनियमचा ताठपणा स्टीलच्या जवळपास निम्मा आहे. हाडापेक्षा तो अजूनही कितीतरी जास्त, तरी भार त्यातल्या त्यात बरा वाटला जातो. आणि इतक्या वर्षांचा अनुभव ज्याच्या पाठीशी आहे, असा दुसरा पदार्थ आज माझ्या हातात नाही. माझ्या आईच्या तोंडातही मी टायटॅनियमच बसवलंय.

राहिला पैशांचा मुद्दा. "टायटॅनियम म्हणजे काय सोनं आहे का?" नाही. त्याचं खनिज आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतसुद्धा आहे. त्यातून शुद्ध धातू वेगळा करणं अवघड आणि खर्चाचं, एवढंच. तरीही एका इम्प्लांटमधला धातू एक ग्रॅमही भरत नाही. आपण दिलेले पैसे धातूचे नाहीतच. ते अचूक घडणीचे, निर्जंतुकीकरणाचे, स्कॅनचे, लॅबचे आणि आमच्या कामाचे आहेत. आपल्या भागात हप्त्यांची सोय आम्ही पहिल्यांदा सुरू केली, आणि आपणही ती घेतली होती.

काकांच्या कार्डाच्या शेवटच्या पानावर एक स्टिकर चिकटवलेलं आहे. त्यावर कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर आहे. शंका असेल तर तो नंबर कंपनीकडे कळवून खात्री करून घ्या, आम्हाला विचारायचीही गरज नाही. हे सगळं मराठीत छापून प्रत्येक पेशंटला आधीच देण्याचं मनात आहे, तेही लवकरच करू.

काकांना सहा महिन्यांनी तपासणीला नक्की आणा. हिरडीची काळजी घेतली नाही तर चांगला बसलेला इम्प्लांटही जातो, आणि मला ते होऊ द्यायचं नाही. येण्याआधी एक फोन करा, सकाळची पहिली वेळ त्यांच्यासाठी ठेवायला सांगितली आहे. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आपला,
दंतचिकित्सक व क्लिनिकचा मालक