पिल्लं सोडायची, पण कुठल्या माळावर?

इंग्लंडात राहून मी माळढोक या गवताळ माळावरच्या दुर्मिळ पक्ष्याबद्दलची आपल्याकडची चर्चा वाचत असतो. एक बाजू म्हणते, जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात पिल्लं वाढताहेत, म्हणजे पक्षी वाचला. दुसरी विचारते, शे-दीडशे पक्ष्यांसाठी सौरवीज का अडवायची? माळढोक तारांना धडकून मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वीजतारा जमिनीखाली घ्यायला सांगितल्या आणि मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन विषय तज्ज्ञ समितीकडे सोपवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला. पण हे पिल्लू मोठं होऊन उतरणार कुठे, हे दोन्ही बाजूंपैकी कोणी बोलत नाही.

माळढोकाचा युरोपातला भाऊबंद, ग्रेट बस्टर्ड, ब्रिटनमधून १८३२ च्या सुमाराला संपला. २००४ पासून दक्षिण इंग्लंडातल्या सॉल्सबरी प्लेन या माळरानावर आधी रशियातून आणलेली पिल्लं सोडली, पुढे स्पेनची अंडी आणून उबवली. त्यातले बरेच पक्षी कोल्ह्यांनी खाल्ले, काही कुंपणांना आणि तारांना धडकले. २००९ मध्ये तिथे उघड्या रानात पिल्लू जन्मलं, आणि एवढ्या वर्षांनी आता संख्या कुठे शंभराच्या आसपास आली आहे. तीही का? तर १८९७ पासून ते माळरान लष्कराच्या सरावासाठी राखलेलं आहे. तिथे रणगाडे फिरतात, पण बऱ्याच भागात नांगर फिरत नाही आणि घरं उठत नाहीत.

इंग्लंडात लाल घार परत आणण्याचं काम त्या मानाने सोपं गेलं. १९८९ पासून पिल्लं सोडली आणि आज चिल्टर्न टेकड्यांवर मान वर केली की घार दिसते. तिला बंदूक आणि विष यांनी संपवलं होतं. ते बरंचसं थांबलं होतं, झाडं आणि खाणं जागेवरच होतं.

माळढोकाला संपवणारं मात्र फारसं काही थांबलेलं नाही. जड अंगाच्या या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. आपल्या सरकारी कागदांवर माळ ‘पडीक’ असतो, म्हणून प्रकल्पाला पहिला तोच दिला जातो. सोलापूर-नगरकडे अभयारण्याची हद्द एकेकाळी तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होती, गावंच्या गावं तिच्यात. जमीन विकताना अडणाऱ्या शेतकऱ्याला पक्षी वैरी वाटला, यात त्याचा काय दोष? पुढे हद्द १,२२२ वर आणली, तोवर त्यातल्या, सोलापूरजवळच्या नान्नजचे पक्षी संपत आले होते.

इथे इंग्लंडात पक्ष्यांसाठी रान राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकार दरवर्षी पैसे देतं. नान्नजच्या शेतकऱ्यालाही ते मिळायला हवेत, आणि पिल्लं सोडण्याच्या आधीपासून. मेंढरं चरायला हरकत नाही, गवत त्यांनीच राखलंय. पावसाळ्यात विणीची जागा तेवढी मोकळी ठेवावी, भटकी कुत्री आवरावीत आणि तेवढ्या पट्ट्यातल्या तारा जमिनीखाली घ्याव्यात.