डोमेन घालवायचंय? मग आमचं ऐका

आपल्या धंद्याचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, दुसऱ्यानं ढापावं अशी मनापासून इच्छा असेल तर सुरुवात सोपीये, ते स्वतःच्या नावावर घेऊच नका. साइट बनवणाऱ्या पोराच्या ईमेलवर घ्या. पोरगं नोकरीला पुण्याला गेलं की रिन्यूअलचे मेल तिथं निवांत पडून राहतात आणि इकडे रावेरला तुम्ही केळी वेफर्सच्या पाकिटांवर तोच पत्ता छापत बसता. आमच्याकडे अशी छापलेली चार पोती रिकामी पाकिटं पडलीयेत, लागली तर घेऊन जा.

मुदत संपली तरी घाबरू नका. डिलीट झाल्यावरही ३० दिवस दंड भरून सोडवता येतं. तो महिना आम्ही केळीच्या कापणीत घालवला, तुम्ही लग्नसराईत घालवा.

मग ज्यानं उचललं त्याला नम्रपणे मेल करा. आम्ही केला. अडीच हजार डॉलर म्हणाला. सध्या त्या पत्त्यावर, म्हणजे आमच्या आजीच्या नावावर, लोक रमी खेळताहेत.

आता न्याय. न्याय मागायला लाजायचं नाही भो. त्यासाठी आयकॅनचं, म्हणजे इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या संस्थेचं, यूडीआरपी आहे, डोमेनचे वाद कोर्टाबाहेर सोडवायची नियमावली, १९९९ पासून आहे, कोर्टापेक्षा स्वस्त आणि झटपट. स्वस्त म्हणजे जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे बौद्धिक संपदेच्या जागतिक संघटनेकडे, एक पंच हवा तर १५०० डॉलर, तीन हवे तर ४०००, वकील वेगळा. रुपयात करून बघा आणि मग पाणी प्या. तीन गोष्टी सिद्ध करायच्या: नाव तुमच्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलंय *आणि* वाईट हेतूनं वापरलंय. आपल्या डॉट इनच्या नियमात तिथं 'किंवा' आहे, पण आम्हाला डॉट कॉमच पाहिजे होतं ना, शान! ट्रेडमार्क आहे का, वकीलसाहेबांनी पहिलं हेच विचारलं. नाही म्हटलं. मग लोक या नावानं तुम्हालाच ओळखतात याचा पुरावा आणा म्हणाले, तसंही चालतं. आणला की. चौदा वर्षांची बिलं, निम्मी कच्ची, त्यातली निम्मी उंदरांनी तपासलेली, वर ट्रान्सपोर्टच्या पावत्या. साहेब हसले. समजा जिंकलोच, तरी डोमेन तेवढं परत, खर्चाचा एक रुपया नाही, आणि हरलेल्यानं १० कामाच्या दिवसांत कोर्ट गाठलं की निकाल लटकला. हे सगळं कोणत्या भाषेत, तर शक्यतो रजिस्ट्रेशनचा करार ज्या भाषेत झाला त्या भाषेत. तो करार आपण 'आय ॲग्री'वर टिचकी मारून पाठ केलेलाच असतो.

उलटं झालं, बड्या कंपनीनं तुमच्यावरच खोटी तक्रार ठोकली, तर पंच निकालात लिहितात की हा डोमेन बळकावायचा प्रयत्न होता. दंड? छे, लिहिलं ना निकालात.

आणि नियम बदलतील याची वाट जरूर बघा. २०१६ ला आयकॅनमध्ये या नियमांचा आढावा सुरू झाला, आधी नवीन एक्स्टेन्शनवाले (डॉट कॉमनंतर आलेल्या नव्या शेपट्यांचे) नियम घेतले, त्याचा अहवाल २०२० ला आला, आणि सगळ्यात जुना यूडीआरपी ठेवला दुसऱ्या टप्प्यावर. घाई कशाला, इंडस्ट्रीचं एकमत व्हायला पाहिजे ना.

एकमत कोणाचं पण? ब्रँडवाल्यांचे वकील, डोमेनचे व्यापारी, डोमेनची नोंदणी करून देणारे रजिस्ट्रार, हीच मंडळी टेबलाला. केळीचा भाव बऱ्हाणपूरला फुटतो आणि रावेरच्या शेतकऱ्यानं मान हलवायची, त्यातलाच प्रकार. इथं बांधाचा वाद झाला तर मोजणीवाला निदान शेतात येऊन दगड तरी रोवून जातो. तुमच्या एकमतात वेफर्सवाला कुठंय? लहान धंद्याला फी कमी करा, खोटी तक्रार करणाऱ्याकडून खर्च वसूल करा, मुदत संपताना फोनवर आपल्या भाषेत चार ओळी पाठवा. यात कोणाचं काय जातं? सव्वाशे रुपयांच्या रिचार्जला दिवसातून पाच मेसेज येतात आणि चौदा वर्षांचं नाव जाताना एक नाही, लाज वाटत नाही का रे?

आणि तुम्ही हसताय काय? तुमचं डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे ते बघा आधी, उठा.