तुमच्या अकाउंटला साडेसाती नाही

पुण्यातल्या गेमिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘हिट चान्स ९५ टक्के दाखवतात, पण गेम खोटं बोलतो. पैसे न टाकणाऱ्यावर सर्व्हर डूख धरतो. १ टक्क्याचा ड्रॉप १०० वेळा मारूनही येत नाही. पिंग वाढलं की मिस वाढतात. उपाय: रात्री दोननंतर खेळा, नाहीतर नवं कॅरेक्टर काढा.’ कोथरूडपासून खराडीपर्यंत सगळे माना डोलावतायत. (हिट चान्स म्हणजे वार लागण्याची शक्यता, मिस म्हणजे हुकलेला वार, ड्रॉप म्हणजे शत्रू मारल्यावर मिळणारी वस्तू, पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणारा वेळ.) एकेक मुद्दा घेऊ.

आधी ते ९५ टक्के. वीस वारांत निदान एक मिस होण्याची शक्यता ६४ टक्के आहे, दोन किंवा जास्त होण्याची २६. रेडच्या (अनेकांनी मिळून मोठ्या शत्रूवर केलेल्या चढाईच्या) एका संध्याकाळी ४०० वार झाले, तर लागोपाठ दोन मिस कधी ना कधी दिसण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास जाते. लागोपाठ तीन मात्र एकट्याच्या वाट्याला ५ टक्क्यांहूनही कमी. पण ग्रुपात वीस जण खेळत असतील, तर त्यांच्यापैकी कोणाला तरी ते तीन दिसण्याची शक्यता पुन्हा ६०च्या घरात येते. स्क्रीनशॉट टाकतो तो नेमका हाच. साठ वार सलग लागले म्हणून स्क्रीनशॉट कोण काढतो?

‘सर्व्हर डूख धरतो’ हे तर उलटं आहे. आकड्यांत लबाडी होते, पण बहुतेक वेळा खेळणाऱ्याच्या बाजूने. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेत २००२ च्या भागापासून अनेक भागांत दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी घेतात, त्यामुळे ९० दाखवलेला वार प्रत्यक्षात ९८ टक्के वेळा लागतो. ‘डोटा २’मध्ये २५ टक्के शक्यतेचा म्हणून लिहिलेला खास परिणाम पहिल्या वाराला साधारण साडेआठ टक्क्यांवर सुरू होतो आणि हुकेल तसा वाढत जातो, म्हणजे लांबलचक दुष्काळ पडत नाही. अशा लाडावलेल्या फाशांची सवय लागली की सरळ फासे बेइमान वाटू लागतात. कंपन्या साव आहेत असं नाही. पण त्यांचा गल्ला नशिबाच्या पेट्या (लूट बॉक्स) विकून भरतो, तुमची तलवार हुकवून नाही.

मग मिस एवढे का होतात? बहुतेकदा नियम वाचलेले नसतात म्हणून. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ घ्या. तुम्ही ६० लेव्हलचे, रेड बॉस (चढाईतला मुख्य शत्रू) ६३ चा धरला जातो. वेपन स्किल (शस्त्र चालवण्याचं कौशल्य) ३०० असेल तर विशेष वारांना ८ टक्के मिस, वर ६.५ टक्के डॉज (शत्रूने चुकवलेले). समोर उभे राहिलात तर आणखी १४ टक्के पॅरी (शत्रूने शस्त्राने अडवलेले). म्हणजे शंभरातले २८ वार तिथेच वाया. बॉसच्या पाठीमागे जा, पॅरी शून्य. गिअरवर (शस्त्र-चिलखतावर) ९ टक्के जादा हिट जमवा (पहिला एक टक्का या बॉससमोर धरलाच जात नाही, म्हणून ८ नव्हे ९), उरतो फक्त डॉज. दोन हातांत दोन शस्त्रं घेतली की साध्या (आपोआप होणाऱ्या) वारांच्या मिसमध्ये १९ टक्क्यांची भर पडते, आणि नेमके हेच वार मोजून लोक रडतात. ह्यूमन वंशाच्या पात्राने तलवार किंवा गदा, ऑर्क वंशाच्या पात्राने कुऱ्हाड धरली तर वेपन स्किल ३०५ होतं आणि ६ टक्के हिट पुरतं.

१ टक्क्याचा ड्रॉप १०० वेळा मारून न मिळणारे ३७ टक्के लोक असतात. ९९ टक्के खात्री हवी तर ४५९ वेळा मारावं लागतं. फाशांना मागचं काही आठवत नाही, जिथे तशी सोय मुद्दाम केली आहे ते सोडून. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये पात्रांच्या सोडतीत पंचतारांकित (सर्वांत दुर्मीळ) बक्षीस मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे, पण नव्वदाव्या ओढीपर्यंत हमी असते आणि ती नियमांत लिहिलेली असते.

पिंगचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. फासे सर्व्हरवर पडतात, पिंग वाढल्याने फक्त निकाल उशिरा दिसतो. पण तुमच्या पडद्यावर तुम्ही बॉसच्या पाठीमागे पोचलेले असता, सर्व्हरच्या लेखी अजून समोरच असता. वार पॅरी होतो, शिव्या नशिबाला बसतात. जागा बदलल्यावर क्षणभर थांबून वार करा.

रात्री दोनचा मुहूर्त? फाशांना घड्याळ कळत नाही. रांग कमी लागते, एवढंच.

तक्रार खरी निघाल्याचं उदाहरणही आहे. १९९९ मध्ये आलेल्या ‘अ‍ॅशरॉन्स कॉल’मध्ये राक्षस ठरावीक पात्रांवरच जास्त तुटून पडतात असं लोक म्हणत होते. कंपनीने सुरुवातीला ते मानलं नाही, पुढे लक्ष्य निवडणाऱ्या कोडातच चूक सापडली. तिथे नवं कॅरेक्टर काढण्याचा सल्ला चक्क चालला असता!

शंका असेल तर मोजा. कॉम्बॅट लॉग (प्रत्येक वाराची नोंद) सुरू करा, एकाच लेव्हलचा शत्रू, एकाच प्रकारचा वार, १००० वेळा. मोजणी आधी ठरवून सुरू करायची, तीन मिस झाल्यावर चिडून नाही. ९५ टक्के खरे असतील तर मिस बहुधा ३६ ते ६४ च्या दरम्यान येतील. ८० निघाले तर मेसेज जरूर फॉरवर्ड करा, लॉगसकट.