फाइल पूर्ण आहे, पण ब्युरेट वाचता येते का?

नमस्कार.

महाविद्यालयांची तपासणी करून त्यांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या तयारीत शिकवणं कसं मागे पडतं, यावर मी लिहिलेल्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. "तीस वर्षं कारखान्यात क्वालिटीला काढली. आमचा नग न् नग मोजला जायचा. तुम्हा प्राध्यापकांना पगार भरघोस हवा, पण मोजपट्टी लावली की आरडाओरडा. हा लेख म्हणजे कामचुकारांची वकिली आहे," असं तुम्ही लिहिलंत. बाहेरून तपासायला माणसं येतातच, असंही म्हणालात. शेवटी विचारलंत, "नॅक नको, तर मग काय मोजायचं ते तरी सांगा."

आधी चूक कबूल करतो. मस्टरवर सही करून तास बुडवणारे लोक आमच्यात आहेत, मी ते डोळ्यांनी पाहिलेत, आणि त्यांच्याबद्दल लेखात एक ओळही लिहिली नाही. पालक फी भरतात, सरकार पगार देतं. हिशेब द्यायलाच हवा.

आता मोजपट्टीविषयी. नग बनवणाऱ्या ऑपरेटरनेच इन्स्पेक्शन रिपोर्ट भरून दिला असता, तर तुम्ही तो लॉट पास केला असता का? नॅकच्या २०१७ पासूनच्या पद्धतीत जवळपास ७० टक्के भार आकडेवारीवर आला, आणि ते आकडे महाविद्यालय स्वतःच भरतं. त्यांची पडताळणी होते, पण कागदांवरून होते. सामंजस्य करार किती, कार्यशाळा किती, निकाल किती टक्के, फोटोवर जिओटॅग आहे की नाही.

आयक्यूएसीचं, म्हणजे नॅकची कागदपत्रं सांभाळणाऱ्या महाविद्यालयातल्या गुणवत्ता कक्षाचं, काम मी चार वर्षं केलं. एका वर्षी वृक्षारोपणाच्या फोटोंवर अक्षांश-रेखांश नव्हते. रोपं लावून पाच महिने झाले होते, गुडघ्याएवढी वाढलीही होती. तरी एनएसएसच्या मुलांना हातात कुदळी देऊन पुन्हा उन्हात उभं केलं आणि फोटो काढले. मीच काढले. त्याच दुपारी शेजारच्या प्रयोगशाळेत टायट्रेशनचं प्रॅक्टिकल चालू होतं. ब्युरेट म्हणजे खुणा असलेली काचनळी; तिच्यातून थेंब थेंब द्रावण सोडायचं आणि रंग बदलला की रीडिंग घ्यायचं. तासिका तत्त्वावरचे एक सर आणि बावीस मुलं. तृतीय वर्षाची एक मुलगी दारात येऊन म्हणाली, "सर, गुलाबी रंग कधी आला ते कळलंच नाही. मैत्रिणीचं रीडिंग लिहिलं तर चालेल का?" मी म्हटलं, आत्ता लिही, उद्या बघू. तो उद्या आलाच नाही, कारण अहवाल अपलोड करायची मुदत होती. अहवालात मात्र ते प्रॅक्टिकल पूर्ण झालं म्हणून नोंदलं गेलं. माझा लेख त्या मुलीमुळे लिहिला गेला, कामचुकारांसाठी नाही.

तुम्ही म्हणाल, आकडे काटेकोर मागा, सगळं सुधारेल. तेही करून झालं आहे. २०१० मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, प्राध्यापकांच्या कामाला गुण देणारी एपीआय पद्धत आणली. शोधनिबंधाला गुण, गुणांवर बढती. बघता बघता पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार उभा राहिला. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. माणसं आधीपासून लबाड होती म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. ज्याला पाच तास शिकवून गुण मिळत नाहीत आणि तीन हजार रुपये भरून मिळतात, त्याला आपण रस्ता दाखवून दिला. बाहेरून तपासायला माणसं येतात, हा तुमचा दुसरा मुद्दा. २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षांना आणि सदस्यांना लाचेच्या आरोपावरून अटक केली. आरोप चांगली श्रेणी मिळवून देण्यासाठी पैसे घेतल्याचा होता. तुमच्या भाषेत सांगायचं तर इथे मोजायचं गेजच तपासायला पाठवायची वेळ आली.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. मंजूर पदांपैकी किती पूर्णवेळ शिक्षक आहेत, असा प्रश्न नॅक विचारतं आणि गुण महाविद्यालयाचे जातात. पण अनुदानित महाविद्यालयात पद भरायला शासनाची परवानगी लागते. ती वर्षानुवर्षं मिळत नाही, मग तासावर मानधन घेणारी मुलं-मुली नेट-सेट करून, पीएच.डी. करून विभाग चालवतात. दिवाळीची सुट्टी लागली की त्यांचं मानधनही थांबतं. परवानगी अडवून ठेवणाऱ्याला कुठली श्रेणी मिळते? तुमच्या कारखान्यात कच्चा माल न देता रिजेक्शनचा जाब फक्त लाइनवरच्या माणसाला विचारला असता, तर तुम्हीच युनियनच्या आधी भांडला असता.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मी मुलांच्या हाताला काय येतं ते मोजेन, आणि ते मोजायला दुसऱ्या महाविद्यालयाचा शिक्षक बोलावेन. गेल्या वर्षी आम्ही हे आमच्या विभागापुरतं करून पाहिलं. शेजारच्या तालुक्यातले एक सहकारी आले. हजेरीपटातून चिठ्ठ्या टाकून तृतीय वर्षाची दहा मुलं निवडली आणि प्रत्येकासमोर ब्युरेट ठेवली. बिनरंगी द्रावण असेल तर पातळीची खालची कड वाचायची, पोटॅशियम परमँगनेट असेल तर वरची, आणि डोळा त्या रेषेला समपातळीत हवा. दहापैकी चौघांना जमलं. या सगळ्यांचं प्रॅक्टिकल जर्नल सहीशिक्क्यासह पूर्ण होतं. त्यातल्या काही सह्या माझ्या होत्या.

तो आकडा कुठल्याही अहवालात गेला नाही, पण आम्ही बावीसची बॅच मोडून अकरा-अकराच्या दोन केल्या. दुसरी शनिवारी सकाळी मी घेतो. मार्चमध्ये पुन्हा तशाच चिठ्ठ्या टाकणार आहोत. त्या दिवशी तुम्ही यावं, अशी मनापासून विनंती आहे. रसायनशास्त्र नाही आलं तरी चालेल. मोजताना माणूस कुठे चुकतो आणि कुठे चुकवतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर कळेल. तारीख ठरली की इथेच कळवतो.