शिकवणी असू दे, आधी वही बघा

गोव्यात दुपारी दीडला शाळा सुटते, मुलांकडे वेळच वेळ, मग गणितात मागे का, असं एका लेखात विचारलंय. तो वेळ चारच्या शिकवणीत जातो. तिथे धडा शाळेच्या पुढे पळतो, म्हणून वर्गात पोर ‘हे येतंय’ म्हणत लक्षच देत नाही आणि चाचणीत पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहितं. ते चुकलं की सगळंच गेलं. सूत्र, किमती घालणं, आकडेमोड वेगळ्या ओळींत असती तर काही गुण तरी पदरात पडले असते.

त्याच संध्याकाळी वर्गातली दोन गणितं वही मिटून पुन्हा सोडवायची, वीस मिनिटं पुरतात. अडलेली ओळ पेन्सिलीने खुणावून दुसऱ्या दिवशी शाळेतल्याच बाईंना विचारायची.

2025 मध्ये सहावी ते दहावीचे नव्या शैक्षणिक वर्षाचे वर्ग 7 एप्रिलपासूनच भरले. असं एप्रिलमध्ये शिकलेलं मेच्या सुटीत विरतं, जूनच्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा काढा. पावसात दप्तराच्या कव्हरवर विसंबू नका, पाठीच्या बाजूने पाणी शिरतं. वह्या आत जाड प्लास्टिक पिशवीत हव्यात. चतुर्थीच्या सुटीतला प्रकल्प आईबापांनी करू नये म्हणतात, पण ऐकतो कोण!