पगारातून कापलेले साडेचार हजार

परवा हार्डवेअरच्या काउंटरवर आमच्याच प्लंबिंगच्या लाईनमधला एक तरुण कॉन्ट्रॅक्टर भेटला. वैतागलेला होता. कामावरच्या पोराने साईटवर कोअर कटिंगचं, म्हणजे भिंतीला पाइपाचं भोक पाडायचं मशीन हरवलं, आता पगारातून कापायचं का, असं त्याने सगळ्यांसमोर विचारलं. तिथे उभे असलेले चारही जण एका सुरात म्हणाले, "काप. त्याशिवाय अक्कल येत नाही." मी एकटाच नको म्हणालो. काउंटरवर घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मी नाशकात सोळा वर्षं प्लंबिंगची कामं घेतोय. आज माझ्याकडे अकरा माणसं आहेत. काही आपली दिंडोरी-पेठकडची, एक सातपूरच्या आयटीआयमधून आलेला, आणि चार ओडिशातल्या केंद्रपाड्याची. प्लंबिंगमध्ये असणाऱ्यांना केंद्रपाडा वेगळं सांगायला नको, तिकडची माणसं देशभर हेच काम करतात. मी सुद्धा कापले आहेत पैसे. त्याचीच गोष्ट आधी सांगतो.

2017 साली एका साईटवरून आमचं हॅमर ड्रिल गेलं. ज्या पोराच्या हातात ते होतं त्याच्या पगारातून मी साडेचार हजार कापले, दीड-दीड हजार करून तीन महिने. तो काही बोलला नाही. मान खाली घालून पाकीट घ्यायचा. मला वाटलं, धडा मिळाला. ते ड्रिल कोणी नेलं हे मला आजही माहीत नाही. त्या आठवड्यात त्या मजल्यावर पीओपीवाले, इलेक्ट्रिशियन, खिडक्यांवाले, रंगारी मिळून पंचवीस-तीस माणसं फिरत होती आणि फ्लॅटच्या दाराला कडीसुद्धा नव्हती. पोरगं जेवायला खाली उतरलं तेव्हा ड्रिल कुठे ठेवायचं, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. पेटी दिली नव्हती, कुलूप दिलं नव्हतं. कापायला मात्र मी हजर.

त्याच पोराने पुढे पाथर्डी फाट्याकडच्या एका बंगल्यात सीपीव्हीसीच्या (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपच्या) ब्रास एल्बोमध्ये, म्हणजे पितळी आट्यांच्या वळणाच्या जोडात, नळाचा तुकडा जास्त आवळला. आतल्या पितळी आट्यांवर ताण आला आणि प्लास्टिकला केसाएवढी चीर गेली. त्याला ते दिसलं होतं. हाताला ओल लागली होती. त्याने टेफ्लॉन टेपचे चार वेढे जास्त दिले, पाझर थांबल्यासारखा वाटला आणि तो गप्प बसला. वरून टाईल्स लागल्या. आठ महिन्यांनी बेडरूमच्या भिंतीला ओल आली. बाथरूमची भिंत फोडली. त्या टाईल्सचा तो लॉट बंद झालेला, म्हणून चारही भिंती नव्याने कराव्या लागल्या. बासष्ट हजारांचा भुर्दंड बसला. तिथे नवा एल्बो टाकायला दीडशे रुपये आणि अर्धा तास पुरला असता.

मी त्याला विचारलं, दिसलं होतं तर सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "भाऊ, ड्रिलचे साडेचार हजार कापले होते. याचे किती कापले असते?"

मला उत्तर देता आलं नाही. गावी सात तारखेला किती पैसे पाठवायचे हे त्याचं ठरलेलं होतं. माझ्या त्या तीन पाकिटांनी त्याला एकच गोष्ट शिकवली होती: चूक भाऊच्या कानावर जाऊ द्यायची नाही. आमच्या धंद्यात हे फार महाग पडतं, कारण आमचं सगळं काम झाकलं जातं. भिंतीत जातं, कोब्याखाली जातं, फॉल्स सीलिंगच्या वर जातं. जो लपवेल त्याची चूक महिनोन्‌महिने दिसत नाही आणि दिसते तेव्हा दुसऱ्याच्या घरात दिसते.

कायदाही कापाकापीला मोकळं रान देत नाही. आपल्यातले बरेच जण समजतात की पगार मी देतो, तर कापायचं मीच ठरवणार. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात हे स्पष्ट होतं आणि 2019 च्या वेतन संहितेतही तत्त्व तेच आहे. नुकसानीपोटी कपात करायची तर ती वस्तू त्या माणसाच्या ताब्यात रीतसर सोपवलेली असली पाहिजे आणि नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असलं पाहिजे. आधी त्याचं म्हणणं ऐकायला हवं. नुकसानीपेक्षा एक रुपया जास्त कापता येत नाही, आणि सगळ्या कपाती मिळून साधारणपणे पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. दंड म्हणून कापायचं तर महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांपर्यंतच. आता मला सांगा, "रीतसर सोपवलेली" हे आपण कशावरून म्हणणार? सकाळी गाडीतून भसाभस सामान उतरवलं, ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने उचललं, याला सोपवणं म्हणत नाहीत.

माझे वडील सातपूर एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. तिथे प्रत्येक कामगाराला स्वतःच्या नंबरची पितळी बिल्ल्यांची जुडी असायची. व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार, न्यायचं तर व्हर्निअरच्या खुंटीला आपला बिल्ला अडकवायचा. वस्तू परत केली की बिल्ला परत. संध्याकाळी खुंट्यांकडे नुसतं बघितलं की काय कोणाकडे आहे ते कळायचं. कोणाला विचारावं लागायचं नाही, कोणावर संशय घ्यावा लागायचा नाही. मी लहानपणी हे दहा वेळा ऐकलं होतं आणि धंद्यात उतरल्यावर साफ विसरलो होतो.

त्या बासष्ट हजारांनंतर मी सुताराकडून प्लायच्या चार पेट्या करून घेतल्या. झाकण उघडलं की आत प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगात काढलेली आहे: चौदा इंची रेंच, अठरा इंची रेंच, ग्राइंडर, प्रेशर टेस्टिंगचा पंप, पीपीआर वेल्डिंगचं मशीन, लेव्हल. हत्यार जागेवर नसेल तर लाल आकृती उघडी दिसते, वाचता न येणाऱ्यालाही दिसते. प्रत्येक पेटीला एक मिस्त्री, एक कुलूप, एक वही. आणि सगळ्यात कामाचा बदल म्हणजे संध्याकाळचा शेवटचा अर्धा तास फक्त आवराआवरीचा. पगारी. माझ्या अनुभवात हत्यारं चोरीला फार कमी जातात, राहून जास्त जातात. सव्वासहा वाजलेत, खाली छोटा हत्तीवाला हॉर्न मारतोय, बिल्डरने लिफ्ट बंद केली आहे, सात मजले सामान खांद्यावर उतरवायचंय. अशा वेळी डायमंड बिट खिडकीच्या कट्ट्यावर राहतो, रेंच डक्टच्या तोंडाशी राहतो. सकाळी गेलात तर नसतो.

एक चूक याच काळात मीही केली ती सांगतो. ज्याची पेटी वर्षभर पूर्ण राहील त्याला दिवाळीला जास्त बोनस, असं जाहीर केलं. सहा महिन्यांत आमच्या पेटीत दुसऱ्याच कॉन्ट्रॅक्टरची खूण असलेला रेंच निघाला. त्या दिवशी ती स्कीम बंद केली आणि रेंच स्वतः नेऊन दिला.

"तुम्हाला परवडतं म्हणून बोलता," असं काउंटरवर एक जण म्हणाला. परवडत नाही, म्हणून तर आधीच धरून ठेवतो. प्रत्येक कोटेशनमध्ये मी दीड टक्का हत्यारं आणि तूटफूट यासाठी धरतो. सिमेंट वाया जाणार हे आपण धरतोच ना? आणि मोठ्या कामाला कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी, म्हणजे चालू कामाचा विमा, थर्ड पार्टीच्या भागासकट घेतो. आपलं वाईट काम पुन्हा करायचा खर्च त्यात मिळत नाही, पण त्यामुळे शेजाऱ्याचं जे नुकसान होतं त्याला आधार मिळतो. प्रीमियम भरताना हात आखडतो, मान्य आहे.

म्हणजे माझ्याकडे सगळं माफ आहे असं नाही. एकाने साईटवरचे पितळी फिटिंग आणि तांब्याच्या पाइपचे तुकडे भंगारवाल्याला विकले. हिशोब करून त्याच दिवशी काढला. दुसरा दारू पिऊन ग्राइंडर चालवत होता, त्यालाही दुसरी संधी दिली नाही. तिथे बोटं जातात. पण चोरी आणि चूक यांना एकाच वहीत लिहायचं नसतं. चूक झाली की मी आधी स्वतःचा वाटा शोधतो, आणि तो बहुतेक वेळा सापडतो.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, निफाडचा पारा रोज पेपरात येत होता त्या दिवसांत, गंगापूर रोडवर सातव्या मजल्यावर लाईनचं काम चाललं होतं. अशा थंडीत पाइप चिकटवायचं सॉल्व्हेंट सुकायला जास्त वेळ घेतं, जॉइंटला पूर्ण दिवस द्यावा लागतो आणि मग प्रेशर टेस्ट. रात्री दहाला आयटीआयवाल्या पोराचा फोन आला. आवाज कापत होता. "भाऊ, मी टेस्ट न करता वरचा व्हॉल्व्ह चालू करून आलोय. आत्ता जेवताना आठवलं." मी गाडी काढली, तो आधीच पोचला होता, वॉचमनला उठवून त्याने व्हॉल्व्ह बंद केला होता. एक जॉइंट सुटला होता. खालच्या फ्लॅटच्या हॉलचं पीओपी भिजलं होतं, पण पाणी लाकडी कपाटांपर्यंत पोचलं नव्हतं. अडतीस हजार मी भरले. सकाळपर्यंत पाणी चालू राहिलं असतं तर किती झाले असते याचा हिशोब मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी बसून विचारलं तेव्हा कळलं की दुपारी चार वाजता त्याला फोन करून दुसऱ्या साईटवर मीच पळवलं होतं. त्याचा पगार कापला नाही. मात्र पीओपीवाल्याबरोबर त्या खालच्या फ्लॅटमध्ये तीन दिवस त्यालाच लावला. मालकीणबाईंसमोर उभं राहून त्याने स्वतः सांगितलं की चूक आमची आहे. आता टेस्टचं प्रेशर लिहिलेला कागद व्हॉल्व्हला बांधल्याशिवाय आमच्याकडे कोणी पाणी सोडत नाही. ही कल्पना त्याची.

सिंहस्थ तोंडावर आलाय, सगळीकडे कामं निघालीत आणि चांगला मिस्त्री मिळत नाही. आज ज्याचे कापाल तो उद्या उचल बुडवून दुसऱ्याकडे जाईल, हेही धरून चाला.

आमच्याकडे मोजदाद खंडेनवमीला होते. हत्यारं धुऊन पुसून मांडतो, हळद-कुंकू, झेंडू, आणि पूजेच्या आधी आमचे सगळ्यात जुने मिस्त्री मामा वही मोठ्याने वाचतात. मागच्या नवमीला वर्षभरात दोनच वस्तू कमी भरल्या. एक डायमंड बिट आणि एक चौदा इंची रेंच. रेंचपुढे शेरा होता: "डक्टमध्ये पडला. माझ्या हातून. काढायला जागा नाही." खाली पोराची सही आणि तारीख. ज्या दिवशी पडला, त्याच दिवसाची.